आलं टिकवायचं कसं? मधात, मिठात की मातीत?

मुक्ताई
मंडळी, कोरेगावला सासूबाईंच्या माहेरी आल्याची शेती आहे. यंदा तिकडून आमच्याकडे अर्धं पोतं आलं आलंय (हो, दोनदा लिहिलंय ते बरोबर आहे). शेजारीपाजारी, ऑफिस, मुलाचे रिक्षावाले काका, सगळ्यांना वाटलं तरी पाचेक किलो उरलंच. पुण्यात फ्लॅट आहे, अंगण नाही, गॅलरीत ऊन येतं ते सकाळी दहापर्यंत. फ्रीजर मटार आणि खवलेल्या नारळाने आधीच अडवून ठेवलाय.

सासूबाई म्हणतात सुंठ कर. नवरा म्हणतो पेस्ट करून टाक. जावेने एक व्हिडिओ पाठवलाय, त्यात एक बाई आल्याच्या चकत्या बरणीत भरून वर मध ओतते आणि "वर्षभर बाहेर टिकतं" असं छातीठोकपणे सांगते. मधातलं कोणी केलंय का? खरंच बाहेर राहतं? आणि ताजं आलं ताजंच ठेवायचं तर तुम्ही काय करता?

चहाबाज
पाच किलो उरलं म्हणजे प्रश्न कसला? पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

खलबत्ता
ताज्याचं सांगतो. धुवायचं नाही, हे पहिलं. माती सुकली की हाताने झटकायची. मऊ पडलेले, डागाळलेले तुकडे वेगळे काढून आधी संपवायचे. बाकीचं कोऱ्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवू नका, आत घाम सुटतो आणि जिथे तुकडा मोडलाय तिथे बुरशी धरते. वापरायला तुकडा मोडला तर उरलेल्याचं मोडकं तोंड थोडा वेळ उघड्यावर सुकू द्या, मग परत ठेवा.

अनुराधा_ठाणे
मटार संपवा आणि आल्याला जागा करा! मी फ्रीजरवालीच. स्वच्छ धुऊन, फडक्यावर अगदी कोरडं करून, बोटाएवढे तुकडे मोडून पिशवीत. लागेल तेव्हा एक तुकडा काढायचा आणि गोठलेलाच किसणीवर धरायचा. सालासकट. इतका बारीक, भुरभुरीत किस पडतो की ताज्याचासुद्धा तसा पडत नाही. फक्त तो बाहेर काढून विसरायचा नाही, सुटला की लिबलिबीत होतो. आणि वरून घालायला उभे काप हवे असतील तर हे आलं उपयोगाचं नाही.

खलबत्ता
सालासकट?

अनुराधा_ठाणे
हो, सालासकट. चहात, आमटीत कुणालाही कळत नाही. पाहुण्यांना सांगू नका म्हणजे झालं.

सातारी_वाफा
आमच्या घरात आल्याचं पीक आहे म्हणून लिहितो. अक्षय्य तृतीयेच्या आसपास गादीवाफ्यावर लावण होते, पाला पिवळा पडून वाळायला लागला की आलं काढणीजोगं झालं. पण भाव नसला तर आम्ही काढतच नाही, जमिनीतच राहू देतो. त्याच्यासारखं दुसरं कोठार नाही. पाणी मात्र साचता कामा नये, नाहीतर कंदकूज लागते आणि वाफेच्या वाफे जातात.

ताई, तुमचं आलं कधी काढलेलं आहे ते आधी फोन करून विचारा, कारण सगळं त्यावर आहे. कोवळं असेल तर साल नखाने निघते आणि मोडल्यावर तंतू दिसत नाहीत. ते लोणच्याला, पाकाला, मधाला. सुंठीला घालू नका, आकसून नुसतं चिपाड उरतं. निबर असेल तर साल जाड, मोडताना कट्कन आवाज येतो आणि तंतू बाहेर लोंबतात. ते टिकतंही आणि सुंठही त्याचीच करायची.

आता टिकवायचं. आम्ही पुढच्या लावणीचं बेणं सावलीत खड्डा करून, वाळू आणि वाळला पाला घालून ठेवतो. मधूनमधून उघडून कुजके गड्डे काढून टाकायचे, एक कुजका शेजारच्यांना घेऊन जातो. गॅलरीत हेच कुंडीत किंवा जुन्या क्रेटमध्ये करा. तळाला भोकं हवीत. वाळूचा थर, त्यावर आलं एकमेकांना न टेकता, परत वाळू. वाळू मुठीत दाबली आणि हात उघडला तर गोळा राहू नये, इतपतच ओल. वरून पाणी घालायचं नाही. पाणी घातलंत की ते टिकवणं नाही, लावणं झालं.

आणि सर्वांसाठी: बाजारात चकाचक पिवळंधमक दिसतं ते आलं यंत्रावर पाण्याच्या फवाऱ्याने धुतलेलं असतं. धुताना साल खरचटते, म्हणून ते लवकर सुरकुततं. घरी साठवायचं असेल तर मातीचं मागून घ्या.

चहाबाज
वाफेसाहेब, एक बाळबोध शंका. बाजारभावात "आले प्रतिगाडी इतके हजार" असं लिहितात. ही गाडी म्हणजे ट्रक की टेम्पो?

सातारी_वाफा
दोन्ही नाही. आमच्याकडे गाडी म्हणजे ५०० किलो. २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटोबरोबर आल्याचाही भाव चढला होता, तेव्हा गाडीचा आकडा ऐकून शहरातली मंडळी आम्हाला करोडपती समजायला लागली होती. ज्यांनी आधीच काढून विकलं होतं त्यांना कुणी विचारलं नाही.

लीलाकाकू
मुक्ताई, सासूबाईंचं ऐक. सुंठीइतकं टिकणारं दुसरं काही नाही. आलं दोनतीन तास पाण्यात टाकून ठेव म्हणजे माती सुटते. मग साल चमच्याच्या कडेने नुसती खरवडायची. सुरीने जाड सोलू नकोस, वास सालीच्या लगेच खाली असतो. नंतर उन्हात. कडक ऊन असेल तर आठदहा दिवस लागतात, रात्री घरात घ्यायचं. तुकडा मोडल्यावर काट्कन मोडला, वाकला नाही, की झाली. किलोची पाव किलो उरली तरी भरपूर समज. दहाच्या उन्हाने मात्र होणार नाही, गच्चीची किल्ली मिळव.

कोवळं निघालं तर आलेपाक. किसलेलं आलं मिक्सरमधून काढून रस थोडा वेळ भांड्यात ठेव, तळाशी पांढरं सत्त्व बसतं. काहीजण ते टाकतात, मी वडीत घेते, त्याने वडी चांगली धरते. आल्याच्या दुप्पट साखर, थोडी साय, मंद गॅस. कडेने सुटायला लागलं की थापायचं. एक क्षण जास्त झाला तर वडीऐवजी चुरा.

संत्रानगरी
आमच्याकडे अद्रक-लसणाची पेस्ट करून ठेवली की दोनतीन दिवसांत हिरवी पडते. कधी निळी. फेकून द्यावी का?

अणुरेणू
@संत्रानगरी, हिरवेपणा लसणाचा आहे, आल्यावर आळ नको. लसूण वाटल्यावर त्यातली गंधकयुक्त द्रव्यं आणि अमिनो आम्लं मिळून हा रंग होतो, लिंबू किंवा व्हिनेगर घातलं की जास्तच. खायला काही हरकत नाही. वास आंबूस आला, वर बुडबुडे किंवा बुरशी दिसली, तर मात्र फेका.

(कामाने अन्नतंत्रज्ञ, म्हणून मधाच्या प्रश्नाकडे डोळा आहे. कोणी केलेलं असेल त्यांचं आधी ऐकू.)

रानवाट
मी करते, दर पावसाळ्यात. मांघरला गेलो होतो (महाबळेश्वर तालुक्यातलं, २०२२ मध्ये "मधाचं गाव" म्हणून जाहीर झालं तेच), तेव्हापासून मध तिकडचाच आणतो.

आलं सोलून पातळ चकत्या करायच्या, पंख्याखाली फडक्यावर पसरून वरचं पाणी जाऊ द्यायचं. काचेची कोरडी बरणी, चकत्या अर्ध्यापर्यंत, वर मध. पहिल्या दिवशी चकत्या तरंगतात आणि मध घट्टच असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघा, मध चमच्यावरून पाण्यासारखा ओघळतो, चकत्या आकसलेल्या आणि कडेने काचेसारख्या झालेल्या. तिखटपणा मधात उतरतो. मी बरणी ओट्यावरच ठेवते. तिसऱ्याचौथ्या दिवशी चकत्यांच्या खाली बारीक बुडबुडे येतात, झाकण उघडलं की फुस्स होतं. म्हणजे मुरलं. मग घसा धरला की एक चकती चघळायची, वरचा मध कोमट पाण्यात.

चहाबाज
फुस्स होतं? रानवाट, तुम्ही नकळत दारूभट्टी चालवताय.

अणुरेणू
चहाबाज गमतीत बोलले, पण नेम बरोबर लागलाय. तो बुडबुडा मुरण्याचा नाही, आंबण्याचा.

मध वर्षानुवर्षं टिकतो कारण त्यात पाणी कमी. आपल्याकडच्या मानकांनुसार २० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. जे असतं तेही साखरेने इतकं धरून ठेवलेलं असतं की जंतूंच्या वाट्याला काही येत नाही. ताज्या आल्यात मात्र ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी. चकत्या मधात पडल्या की मध त्यांच्यातलं पाणी ओढून घेतो आणि स्वतः पातळ होतो. रानवाटताईंनी सकाळी पाहिलं ते नेमकं हेच. पातळ मधात यीस्टला जगता येतं. म्हणजे बरणीत मध आहे, पण मधाचा टिकाऊपणा गेलेला आहे. व्हिडिओतल्या बाईंचा सगळा हिशोब इथे चुकतो.

यीस्टने बिघडलेलं निदान फुस्स करून सांगतं तरी. काळजी दुसऱ्या जंतूची, बोटुलिझमच्या (स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा). त्याची बीजं मातीत असतात, म्हणून जमिनीतल्या कंदावर असू शकतात आणि मधातही असू शकतात. घट्ट मधात ती नुसती पडून राहतात. पाणी मिळालं, हवा नाही आणि आंबटपणा पुरेसा नाही, की त्यांचं फावतं. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली असेल तर वाढत नाहीत. मध आंबट असतो, पण आलं फारसं नाही, त्यामुळे घरच्या मिश्रणाचा पीएच किती हे नुसतं बघून सांगता येत नाही. शक्यता कमी, पण त्याला वासही येत नाही आणि चवही कळत नाही.

म्हणून: लहान बाटली, चकत्या नीट सुकवलेल्या, लिंबाचा रस घाला, फ्रीजमध्ये ठेवा आणि दोनतीन आठवड्यांत संपवा. वर्षभर बाहेर, हे विसरा. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध कुठल्याच रूपात नको, आल्याचा असो की नुसता.

लीलाकाकू
अहो, आमची तिन्ही मुलं मधात उगाळलेल्या बाळगुटीवर वाढली. तिघंही ठणठणीत आहेत, एक तर विमान चालवतो.

अणुरेणू
काकू, ती वाढली याचा आनंदच आहे. शंभर घरांत काही होत नाही म्हणून तर ही सवय टिकली. पण बाळाच्या आतड्यात ही बीजं रुजू शकतात, मोठ्यांच्यात सहसा नाही. आता बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका म्हणतात. नातवंडांच्या डॉक्टरांना एकदा विचारा.

लीलाकाकू
सूनबाईंनी आधीच विचारलंय. मी फक्त सांगत होते.

मात्रा_आणि_वळसा
मधाचा विषय निघालाच आहे तर, आयुर्वेदात मध तापवू नये असं स्पष्ट सांगितलंय. वर कोणी "मग आलं-मध एकत्र उकळून घ्या" असं सुचवायच्या आत लिहून ठेवतो. उकळत्या काढ्यातही मध टाकू नये, कोमट झाल्यावर टाकावा. खोकल्याला आल्याचा रस आणि मध तर घरोघरी चालतो, पण तो ताजा रस काढून, तेव्हाच चाटून. साठवायचा नाही. साठवण्यासाठी सुंठ आहे ना!

अणुरेणू
या एका बाबतीत आपलं जमलं म्हणायचं. तापवल्याने मधाचा वास आणि स्वाद दोन्ही उडतात, त्यामुळे वेगळ्या वाटेने आपण एकाच चौकात पोचलो.

सुंठीचं मात्र एक सांगायला हवं, सुंठ म्हणजे वाळवलेलं आलं आणि बास, असं नाही. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल या द्रव्याचा, वाळताना त्याचं शोगाओल होतं आणि ते त्याहून तिखट. म्हणून सुंठ चिमूटभर घालतात आणि आलं इंचभर.

रानवाट
अणुरेणू, तुमचं पटलं असं लगेच म्हणणार नाही. इतकी वर्षं आम्ही खातोय, कधी पोट दुखलं नाही. कोरियातही आलं आणि मध असं मिश्रण चहासाठी करून ठेवतात. ते लोक वेडे आहेत का?

अणुरेणू
वेडे नाहीत. तिथेही पुष्कळ जण साखर किंवा मध आल्याच्या बरोबरीने किंवा जास्त घालतात आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवतात. तुमचा मध आल्याच्या किती पट असतो?

रानवाट
डोळ्याने. बरं, यंदा बरणी फ्रीजमध्ये ठेवून बघते. फुस्स व्हायचं थांबलं तर घरातले नाराज होतील.

फिरस्ता
जर्मनीतून नमस्कार. इथे दुकानात आलं मिळतं ते बहुतेक चीनचं किंवा पेरूचं, हातभर लांब, गुळगुळीत आणि चवीला अंमळ मवाळ. सालासकट गोठवण्याची युक्ती इथल्या मराठी घरांत हिट आहे. माझी दुसरी युक्ती: चकत्या व्होडकात. फ्रीजमध्ये महिनोनमहिने. स्वयंपाकात चमचाभर टाका, शिजताना बरंचसं अल्कोहोल उडून जातं. औषधी उपयोग वेगळे.

चहाबाज
"औषधी उपयोग" या विषयावर स्वतंत्र धागा काढावा अशी नम्र विनंती.

पोहेप्रेमी
अवांतर होतंय, पण जपानी जेवणात सुशीबरोबर गुलाबी आलं येतं, त्यात रंग असतो का? घरी होईल?

फिरस्ता
बाजारी बाटलीत रंग असू शकतो. घरी कोवळं आलं असेल तर आपोआप होतं. कोवळ्या आल्याच्या टोकांना गुलाबी छटा असते, व्हिनेगर पडलं की तीच पसरते. निबर आलं पांढरटच राहतं.

लीलाकाकू
यासाठी जपानला कशाला जायचं? आलं-लिंबू-मीठ काचेच्या बरणीत दोन दिवस ठेव, गुलाबी होतं. जेवणाआधी एक फोड तोंडात टाकली की भूक लागते. आंबेहळदीचे काप त्यात मिसळले तर अजून छान. कैरीचा वास येतो. फ्रीजमध्ये ठेवायचं, लिंबू भरपूर हवं.

अणुरेणू
साठवणीचा माझा पहिला सल्ला हाच. लिंबू आणि मीठ, मधापेक्षा निर्धास्त.

आणि मुक्ताईंच्या यजमानांची पेस्ट राहिलीच. पेस्टवर तेलाचा थर देऊन बरणी ओट्यावर ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. तेलाखाली हवा पोचत नाही म्हणून बुरशी येत नाही, आणि बोटुलिझमला हवाही नकोच असते. तेलातली आलं-लसूण पेस्ट फ्रीजबाहेर ठेवू नका. त्यापेक्षा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भरा.

संत्रानगरी
माझ्या घरी तेलवालीच. आजपासून फ्रीजमध्ये. धन्यवाद.

चहाबाज
विषय निघालाच आहे तर: आलं घातलं की कधीकधी चहा फाटतो. दुधाला दोष देऊन दूधवाला बदलून झाला.

अणुरेणू
दूधवाल्याची माफी मागा. आल्यात दुधातलं प्रथिन तोडणारं विकर (एन्झाइम) असतं. आलं आधी पाण्यात उकळून घ्या, दूध नंतर घाला. उकळल्यावर ते विकर निकामी होतं. दूध आणि किसलेलं आलं एकत्र कोमट होत बसलं की फाटणारच.

मुक्ताई
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! वाचनखूण साठवली. फोन केला, आलं जानेवारीत काढलेलं, निबर. सालही जाड आहे, वाफेदादांनी सांगितलं तसं मोडून पाहिलं, कट्कन झालं.

असं ठरवलंय: निम्मं गॅलरीत भाजीच्या जुन्या क्रेटमध्ये वाळूत. किलोभर सुंठीला, सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली घेतली (त्यांनाही थोडं आलं पोचलं). मटार संपले की बाकीचं फ्रीजरमध्ये. मधातली एकच छोटी बाटली, लिंबू घालून, फ्रीजमध्ये. जावेला व्हिडिओबद्दल काय सांगायचं ते घरगुती राजकारण बघून ठरवते.

एकच शंका: फ्रीजमध्ये मध साखरेसारखा घट्ट झाला तर? बिघडला समजायचं?

रानवाट
नाही. मध थंडीत बसतो. बाटली कोमट पाण्यात उभी करा, सुटतो. तसंही आल्याचं पाणी उतरल्यावर फारसा बसत नाही.

सातारी_वाफा
ताई, वाळूतल्या आल्याला डोळे फुटून कोंब आले तर टाकू नका. दोन डोळ्यांचा तुकडा मोडा, मोडकं तोंड सुकू द्या आणि मेमध्ये कुंडीत लावा. कुंडी खोलपेक्षा रुंद हवी. मुरमाड माती, शेणखत, आणि पावसात कुंडीत पाणी उभं राहता कामा नये.

पोहेप्रेमी
सुंठ रामनवमीच्या सुंठवड्याला होईल का? घरच्या सुंठीचा कधी खाल्ला नाही.

लीलाकाकू
आत्ता वाळत घातलीस तर सहज होईल. कुटताना एकदम मिक्सरमध्ये टाकू नकोस, आधी खलबत्त्यात ठेच, नाहीतर मिक्सरचं पातं जाईल. मग दळून मैद्याच्या चाळणीने चाळ. वर तंतूंचा भुसा राहतो तो फेकायचा नाही, चहाच्या डब्यात जातो. सुंठवड्यात सुकं खोबरं भाजून, खडीसाखर, वेलची, आणि सुंठ बेताने. बाजारच्या पुडीपेक्षा घरची झणझणीत असते, पुडीच्या मापाने घातलीस तर प्रसाद घेणारे देवासमोर खोकत बसतील.